गॅस जेट, गॅस सेल की कॅपिलरी? लेसर-प्लाझ्मा वेगवर्धकासाठी टार्गेट निवडताना

लेसरच्या मागे उठणाऱ्या प्लाझ्मा-लहरीवर इलेक्ट्रॉनांचा वेग वाढवायचा प्रयोग उभारताना बहुतेक वेळ आणि पैसा लेसरवर जातो. वायू कशात ठेवायचा हे शेवटी ठरतं, आणि तेही अनेकदा विक्रमांकडे बघून. अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेने २००६ साली ३.३ सेंमीच्या कॅपिलरीत (वायू भरलेल्या बारीक नळीत) १ जीईव्ही, म्हणजे एक अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, गाठलं, २०१९ साली २० सेंमीच्या कॅपिलरीत ७.८ जीईव्ही. म्हणजे कॅपिलरीच हवी, असा निष्कर्ष निघतो. पण २०२४ साली त्याच प्रयोगशाळेने ९.२ जीईव्ही दाखवलं ते ३० सेंमी लांबीच्या गॅस जेटमध्ये, म्हणजे नॉझलमधून सुटणाऱ्या वायूच्या मोकळ्या झोतात. विक्रम बाजूला ठेवा, आपल्या लेसरची ताकद आणि आपल्याला लागणारी घनता एवढं आधी कागदावर मांडा.

सोयीसाठी दर घनसेंमीला १०^१८ इलेक्ट्रॉन या घनतेला ‘१’ म्हणू. घनता १ असताना प्लाझ्मा-लहरीची लांबी ३३ मायक्रॉन असते आणि विद्युतक्षेत्र मीटरला सुमारे १०० गिगाव्होल्टपर्यंत जातं. ८०० नॅनोमीटरच्या लेसरने स्वतःला स्वतःच केंद्रित ठेवण्यासाठी किमान ३० टेरावॅट लागतात. घनता ५ केली तर ६ टेरावॅट पुरतात, पण दोन-तीन मिलिमीटरमध्येच इलेक्ट्रॉन लहरीच्या पुढे निघून जातात आणि ऊर्जा वाढणं थांबतं. घनता ०.२ वर आणली तर हे अंतर कितीतरी सेंटिमीटर लांबतं, मात्र स्वतःहून केंद्रित राहायला १५० टेरावॅट हवेत. दुसरीकडे, २० मायक्रॉन त्रिज्येचा ठिपका प्लाझ्माच्या मदतीशिवाय जेमतेम दीड मिलिमीटर टिकतो, मग पसरतो. कॅपिलरीची गरज नेमकी इथे, आणि इथेच, निर्माण होते.

गॅस जेट

सुपरसॉनिक नॉझल, वर सोलेनॉइड व्हॉल्व्ह, मागे १० ते ५० बार दाबाचा हीलियम. २००४ साली फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ज्या तीन गटांनी पहिल्यांदा जवळपास एकाच ऊर्जेचे झोत दाखवले, ते सगळे जेटवरच होते. मोठा फायदा असा की चारही बाजू मोकळ्या असतात. आडवा प्रोब लेसर टाकून प्लाझ्मा बघता येतो, वरून विखुरलेला प्रकाश टिपता येतो. नेम मिलिमीटरभर चुकला तरी काही फुटत नाही.

दुसरा फायदा इंजेक्शनचा, म्हणजे इलेक्ट्रॉन लहरीत शिरवण्याचा. जेटच्या कडेला ब्लेड किंवा सिलिकॉनची पातळ चकती काही शे मायक्रॉन आत सरकवली की प्रवाहात धक्का-लहर तयार होते. तिथे घनता अचानक पडते आणि इलेक्ट्रॉन त्या एकाच जागी लहरीत शिरतात. ऊर्जेची रुंदी कमी हवी असेल तर एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही. प्रवाह खरोखर सुपरसॉनिक असला तरच हे जमतं. सरळ नळीसारख्या नॉझलवर ब्लेड लावून काही मिळत नाही.

बिघाडही ठरलेले आहेत. लेसर नॉझलच्या तोंडाच्या फार जवळ ठेवला तर प्लाझ्मा नॉझलची कड खातो. दोन-तीन मिलिमीटरच्या वर नेला तर घनतेच्या कडा मऊ होतात आणि धक्का-लहर विरते. व्हॉल्व्हची सीट झिजली की बंद अवस्थेतही गळती सुरू होते. निर्वात कोठीचा दाब दोन शॉटच्या मधे उतरत नसेल तर आधी तिथे बघा. आणि वायूचा भार: १ मिमी गळ्याचं नॉझल ४० बारवर ५ मिलिसेकंद उघडलं की सुमारे ९० मिलिबार-लिटर हीलियम आत येतो. ५०० लिटरच्या कोठीत दाब एकदम ०.२ मिलिबारकडे जातो. म्हणून मोठ्या जेटवर सेकंदाला एक शॉटसुद्धा पंपांना जड जातो, आणि लेसर-स्पंद दाबणाऱ्या कंप्रेसरच्या बाजूला वेगळं पंपिंग नसेल तर त्यातली ग्रेटिंगही धोक्यात.

गॅस सेल

दोन्ही टोकांना छिद्रं असलेली बंद पेटी. इथे आकडे मनासारखे मिळतात: खोलीच्या तापमानाला २० मिलिबार हीलियम पूर्ण आयनीभूत झाला की घनता जवळपास बरोबर १. दाबमापीचा काटा वाचायचा, सिम्युलेशनमध्ये तोच टाकायचा. वायू स्थिर असल्याने शॉटागणिक फरक कमी पडतो. हॅम्बुर्गच्या लक्स प्रयोगाने सतत वायुप्रवाह असलेल्या सेलवर दिवसाहून अधिक काळ सलग चालून सुमारे १ लाख झोत नोंदवले. त्या नोंदींतून दिसलं की ऊर्जेतला बराचसा चढउतार लेसरच्याच बारीकसारीक बदलांमुळे होता. टार्गेट शांत झाल्याशिवाय लेसरचे दोष वेगळे काढता येत नाहीत, हा सेलचा खरा उपयोग.

सेलमध्ये इंजेक्शन बहुधा नायट्रोजनने होतं. हीलियममध्ये १ ते ५ टक्के नायट्रोजन मिसळायचा. त्याचे आतले दोन इलेक्ट्रॉन चौरस सेंमीला १०^१९ वॅटच्या आसपासच सुटतात, म्हणजे लेसरच्या शिखरापाशी, थेट लहरीच्या आत. एकच कप्पा असेल तर हे इंजेक्शन सेलभर चालू राहतं आणि कमी ऊर्जेची लांब शेपटी मिळते. उपाय दोन कप्प्यांचा: पहिल्या एक-दोन मिलिमीटरमध्ये मिश्रण, पुढे शुद्ध हीलियम.

त्रास छिद्रांचा. लेसरभोवतीचं प्रभामंडल दर शॉटला कड थोडी थोडी खातं, छिद्र मोठं होतं, गळती वाढते आणि दाबमापी तेच दाखवत असतानाही टोकाची घनता बदललेली असते. झोत हळूहळू बिघडत गेला तर आधी छिद्राचा व्यास मोजा. बाजूच्या काचांवर उडालेल्या पदार्थाचा थर बसतो आणि घनता मोजणाऱ्या इंटरफेरोमीटरच्या पट्ट्या पुसट होतात. पुढची प्लेट स्क्रूवर बदलता येईल अशीच करून घ्या.

कॅपिलरी

नीलमणीच्या दोन ठोकळ्यांत अर्धगोल खाच, आत हायड्रोजन, दोन टोकांना काही दहा किलोव्होल्टपर्यंतचा व्होल्टेज. त्यातून होणाऱ्या विद्युत डिस्चार्जने मधला भाग तापतो, अक्षावर घनता कमी होते आणि लेसर त्या वाहिनीत टिकून राहतो. नेम मात्र कडक. २ मीटर नाभीय अंतरावर ५ मायक्रोरेडियनची डगमग म्हणजे १० मायक्रॉनचं सरकणं. लेसर वाहिनीत डुलतो आणि इलेक्ट्रॉन तिरके बाहेर पडतात. त्याहून जास्त चुकला तर भिंत जाते. डिस्चार्जचा विद्युतचुंबकीय गोंगाट कॅमेऱ्यांत आणि ट्रिगरमध्ये शिरतो. हायड्रोजन असल्याने पंपातून निघणारा वायू इमारतीबाहेर न्यावा लागतो, हवेतलं हायड्रोजनचं प्रमाण ४ टक्क्यांखालीच राहील असा.

घनता फार खाली नेली की वाहिनी उथळ होते. २०१९ साली म्हणूनच नॅनोसेकंद लेसरने आतला प्लाझ्मा आणखी तापवावा लागला. नंतरची वाट भिंतच नको असं म्हणणारी: लांब जेटमध्ये आधी दुसऱ्या लेसर-स्पंदाने वाहिनी कोरायची, मग मुख्य लेसर सोडायचा.

कोणी काय घ्यावं

मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि इंदूरच्या आरआरकॅटमध्ये (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) आहेत तशा शंभर-दीडशे टेरावॅट वर्गाच्या लेसरवर घनता १ ते ५ मध्ये काम होतं, आणि तिथे लेसर स्वतःच केंद्रित राहतो. कॅपिलरीचा खर्च आणि डोकेदुखी तिथे वसूल होत नाही. नवा गट, नवे विद्यार्थी, प्लाझ्मा डोळ्यांनी बघायचा असेल तर जेट. क्ष-किरण स्रोतासारख्या उपयोगासाठी रोज तोच झोत लागणार असेल तर सेल. पेटावॅटच्या जवळ आहात आणि काही जीईव्ही हवेत, तरच वाहिनीचा विचार करा, आणि आज तो सुरू करणाऱ्याने कॅपिलरीआधी कोरलेल्या वाहिनीकडे बघावं.

जेट घेतलं तर घनतेची मोजणी आर्गॉनवर करा: तोही एकाणू वायू असल्याने प्रवाहाचा आकार हीलियमसारखाच मिळतो आणि इंटरफेरोमीटरला सुमारे आठपट सिग्नल. फक्त जास्त दाबावर आर्गॉनचे अणू गुच्छ बांधतात, तेव्हा मोजणी कमी दाबावर करून पुढे ताडून बघा. आणि मोटरवरचा माउंट असा बनवा की नॉझल काढून त्याच जागी सेल बसेल.