'टॉप स्पीड' की 'फास्ट लाइफ'?

अमेरिकन बोटशर्यतपटू गार वुडने मार्च १९३१मध्ये 'मिस अमेरिका ९' बोटीतून पाण्यावर ताशी शंभर मैलांचा टप्पा ओलांडला. त्या सुमारास अमेरिकेला स्पीडबोटींचं वेडच लागलं होतं आणि हॉलिवूडने ते चक्क हसण्यावारी नेलं. त्यातले हे दोन बोलपट, दोन्ही दीड तासाच्या आतले. एकच बघायचा असेल तर कोणता?

शोधाची गोष्ट हवी असेल तर 'फास्ट लाइफ' (१९३२). नौदलातून बाहेर पडलेला नायक (विल्यम हेन्स) स्वतः बनवलेला कार्बोरेटर घेऊन एका बोट बांधणाऱ्याकडे येतो. नायिका अर्थातच त्या मालकाची मुलगी. कार्बोरेटरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण जमलं तर तेच इंजिन जास्त ताकद देतं, एवढ्या साध्या कल्पनेवर सगळी शर्यत उभी आहे. जुन्या स्कूटरशी झटापट केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. अडचण आहे ती हेन्सची. तिशी उलटली तरी तोच आगाऊ पोरगा, तीच टोमणेबाजी. अर्ध्या तासात कंटाळा येऊ शकतो. मला क्लिफ एडवर्ड्स जास्त आवडला. पुढे 'पिनोकिओ'मधल्या रातकिड्याला (जिमिनी क्रिकेट) आवाज दिला तो यानेच. एमजीएम स्टुडिओसाठी हेन्सचा हा शेवटचा चित्रपट. तो समलिंगी होता आणि स्टुडिओचा आग्रह असूनही जोडीदार जिमी शील्ड्सला सोडायला तयार नव्हता. मग पडदा सुटला आणि गडी इंटिरियर डेकोरेटर म्हणून नावारूपाला आला.

नुसतं हसायचं असेल तर मर्विन लेरॉयचा 'टॉप स्पीड' (१९३०). दोन कारकून श्रीमंत असल्याची थाप मारून बड्या हॉटेलात उतरतात आणि ती निस्तरता निस्तरता गोष्ट स्पीडबोटीच्या शर्यतीपर्यंत पोचते. यंत्राबिंत्राची भानगड फारशी नाही. आहे तो विनोदी नट जो ई. ब्राउन आणि त्याचा तो गुहेएवढा जबडा! मूळ न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरचं संगीत नाटक. पण तोवर प्रेक्षकांना संगीतपटांचा वीट आल्याने चित्रपटातली बरीच गाणी कापली गेली, त्यामुळे मधे मधे सांधे दिसतात.

माझं मत 'टॉप स्पीड'ला. आणि ब्राउन आवडलाच तर 'सम लाइक इट हॉट'चा (१९५९) शेवट काढून बघा. तिथेही मोटरबोट तोच चालवतोय.