कोर्दोबाची एक दिवसाची सहल : इमारतीला पन्नास मिनिटं, चामड्याच्या दुकानाला सव्वा तास

अमळनेरात तीस वर्षं बांधकामाची ठेकेदारी केली, त्यामुळे कुठंही गेलो तरी नजर आधी सांध्यांवर जाते. पोरगा स्पेनमध्ये सेव्हिलला नोकरीला आहे. जुलैत आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्यानं कोर्दोबाची बसची सहल काढून दिली, माणशी 85 युरो. कंपनीचं नाव लिहीत नाही.

बस वेळेवर आली, एसी झकास. कोर्दोबात उतरल्याबरोबर आमच्या सौ. म्हणाल्या, "जयगावसारखंच ऊन शे आठे!" म्हणजे जळगावसारखंच ऊन आहे इथं. खोटं नाही. टोपी-पाणी विसरू नका.

जायचं ते मेस्कीतासाठी. इथला अमीर अब्द अल-रहमान पहिला याच्या काळात, 785 च्या सुमारास, ही मशीद बांधायला घेतली आणि पुढं दोनशे वर्षं ती वाढत गेली. आज आत 856 खांब उभे आहेत. मला अडकवून ठेवलं ते कमानींनी. सुरुवातीचे खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (रोमनांनंतर इथं राज्य केलेले लोक) इमारतींचे, म्हणजे आपल्या भाषेत जुना माल. ते पडले बुटके, आणि छत तर उंच हवं. मग त्या गवंड्यांनी खांबावर खांब चढवला आणि कमानींचे दोन थर केले. खालची कमान घोड्याच्या नालेच्या आकाराची, मोकळी. ती नुसती खांबांना एकमेकांशी बांधून धरते. वजन घेते वरची. वरच्या कमानींवरच्या भिंतींच्या माथ्यावरूनच पावसाच्या पाण्याच्या पन्हळी नेल्या आहेत. लाल वीट, पांढरा दगड, लाल वीट, पांढरा दगड असा क्रम. पण 987 नंतर वजीर अल-मन्सूरनं वाढवलेल्या भागात नीट बघा : तिथं विटा नाहीत, दगडालाच लाल रंग दिलाय. हे गाइडनं सांगितलं नाही, मी तिला दाखवलं. बिचारी हसली आणि घड्याळ बघितलं.

मधोमध 1523 पासून ख्रिश्चनांनी कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च, उभारलं, त्यासाठी खांबांच्या कितीतरी रांगा काढल्या. नगरपालिकेनं तेव्हा विरोध केला होता म्हणे. मला आपलं बऱ्हाणपूर आठवलं. तिथं जामा मशिदीत फारुकी राजानं अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरून घेतला आहे. याबद्दल गाइडशी बोलायचं होतं, तोवर "चला, चला" सुरू झालं. पन्नास मिनिटांत बाहेर! घंटेच्या मनोऱ्याच्या पोटात जुना मिनार आहे, तो खालूनच पाहिला. वर जायचं तिकीट वेगळं, आणि आमच्या 85 युरोंत ते नव्हतं.

नंतर ग्वादल्किविरवरचा रोमन पूल. नदीचं नाव अरबीतून आलेलं, अर्थ 'मोठी नदी'. पूल सोळा कमानींचा, पण इतक्यांदा दुरुस्त झालाय की मूळच्या कमानी एक-दोनच उरल्या आहेत. काठावर मोठा रहाट आहे. त्यावर दहा मिनिटं पुरतात, आणि तेवढीच मिळाली.

जेवण पॅकेजमध्ये नव्हतं. शाकाहाऱ्यांनी साल्मोरेहो घ्यावं : टोमॅटो, शिळा पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल वाटून केलेलं गार, घट्ट सार. वर उकडलेलं अंडं आणि हॅम घालतात, तेव्हा दोन्ही नको म्हणून आधीच सांगा. आमच्या वाटीत हॅम आलंच, परत पाठवलं. लसूण कमी वाटला, पण खान्देशी जिभेला तो कुठंही कमीच वाटणार.

आणि मग चामड्याचं दुकान. कोर्दोबाचं चामडं जुन्या काळापासून नावाजलेलं, कबूल. पण सव्वा तास? तेवढ्यात मी मेस्कीताला आणखी एक चक्कर मारली असती.

बसला पाचपैकी चार, गाइडला साडेतीन (चूक तिची नाही), वेळेच्या वाटणीला एक. पुन्हा गेलो तर सेव्हिलहून जलद रेल्वे धरीन. पाऊण तासात पोचवते आणि "चला, चला" म्हणत नाही.

सौ.नी त्या दुकानात 40 युरोंचं पाकीट घेतलं. ते मात्र चांगलं निघालं.