एडी की गुन्हा? विहिरीत मृतदेह सापडला की

कवठेमहांकाळकडच्या एखाद्या विहिरीत कुणी तरंगताना दिसलं की आधी पोलीस पाटलाला फोन जातो. ठाण्यात पुढे दोन वाटा.

घातपाताची खूण नसेल तर आकस्मिक मृत्यूची नोंद, म्हणजे ‘एडी’. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 174. पोलीस पंचांना घेऊन इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे मृतदेहाचा आणि जागेचा पंचनामा, करतात. गळ्यावरचे व्रण, मुठीतलं गवत, काठावरच्या चपला, सगळं त्यात यायला हवं. प्रश्न एकच, मृत्यू कशानं झाला? आरोपी नसतो, अटक नसते.

गुन्हा म्हणजे एफआयआर, अटक, जप्ती, दोषारोपपत्र. फिर्यादीला एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

लोक एडीला हलकं समजतात, ते मला पटत नाही. शवविच्छेदनात, व्हिसेरात (तपासणीसाठी राखून ठेवलेल्या शरीरातल्या अवयवांच्या नमुन्यांत) संशयास्पद काही निघालं तर त्याच एडीतून खुनाचा गुन्हा उभा राहतो, आणि तेव्हा आधार असतो पहिल्या दिवशीच्या पंचनाम्याचा. दुःखात घाईनं सही करू नका, पुरता वाचून घ्या. लग्नाला सात वर्षं न झालेल्या मुलीचा मृत्यू संशयास्पद असेल तर शवविच्छेदन टाळता येत नाही, दंडाधिकारीही चौकशी करतात. ‘लवकर उरकून घ्या’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना तिथंच थांबवा.