वेव्ह म्हणून एमपीथ्री गळ्यात मारतात, रेकॉर्डिंग करणाऱ्या मंडळांनी सावध राहा

सांगली-मिरजेकडच्या भजनी मंडळांनी हे जरूर वाचावं. चातुर्मासात आमच्या मंडळाचे अभंग विश्रामबागच्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड केले. स्टुडिओचं नाव देत नाही, प्रकार सांगतो. ठरलेल्या रकमेवर ‘मास्टर’चे (पूर्ण दर्जाच्या मूळ फाईलचे) म्हणून सहा हजार जादा घेतले. बोली अशी, की प्रत्येक अभंगाची कम्प्रेस न केलेली, म्हणजे आवाजातलं काही न छाटलेली वेव्ह फाईल पेनड्राइव्हवर मिळेल.

पेनड्राइव्ह मिळाला. तो पुण्यात साउंडचं काम करणाऱ्या भाच्याकडे पाठवला, तर त्याचा फोन, “मामा, टाळ कुठं गेले?” टाळ होते, पण खणखणाट जाऊन नुसती सळसळ उरली होती. त्यानं ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये (फुकट मिळतं) फाईल उघडून स्पेक्ट्रोग्रामचा, म्हणजे आवाज किती उंच पट्टीपर्यंत जातो ते रंगात दाखवणाऱ्या चित्राचा, फोटो पाठवला. १६ किलोहर्ट्झपर्यंत रंग, तिथं पट्टीनं आखलेली रेघ, वर सगळं काळं. टाळांचा नाद त्याच्याही वर जातो. एमपीथ्री म्हणजे आकार लहान करायला आवाज छाटलेली फाईल; बिटरेट (सेकंदाला साठवलेली माहिती) कमी असला की तो नाद असा छाटला जातो.

जाब विचारला तर मालक म्हणतो, “अहो काका, साइज बघा की! पाच मिनिटांच्या गाण्याला त्रेपन्न एमबी. एमपीथ्री एवढी असती का?”

खरी गोम इथंच आहे. सीडीच्या दर्जाची वेव्ह मिनिटाला साधारण साडेदहा एमबी होते, मग आत माल काहीही असो. एमपीथ्री वेव्हमध्ये बदलली की आकार फुगतो, गेलेला आवाज परत येत नाही. आमच्या व्हॉट्सॲपसाठी काढलेल्या एमपीथ्रीच ह्या गड्यानं बदलून दिल्या होत्या. आणि वर, “मूळ प्रोजेक्ट काढायचा तर वेगळे चार्जेस पडतील.” (प्रोजेक्ट म्हणजे रेकॉर्डिंग ज्यात साठवलेलं असतं ती मूळ फाईल.)

रेकॉर्डिंग होतं मॅक कॉम्प्युटरवरच्या गॅरेजबँड या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. शेअर मेनूतून एक्स्पोर्ट साँग टू डिस्क केलं की एएसी, एमपीथ्री, एआयएफएफ, वेव्ह असे फाईलच्या प्रकारांचे पर्याय येतात. शेवटचे दोन कम्प्रेस न केलेले. कसले चार्जेस घेऊन बसलाय!

भाच्यानं फोनवरून सांगितलं तसं आम्ही मालकाला तिथल्या तिथं प्रोजेक्टवर राइट क्लिक करून ‘शो पॅकेज कंटेंट्स’ उघडायला लावलं. आत मीडिया, त्यात ऑडिओ फाइल्स. बुवांचा आवाज, पखवाज, टाळ, जसे माइकवर आले तसे वेगवेगळे पडलेले. ते सगळं हार्डडिस्कवर उतरवूनच उठलो.

सहा हजार मात्र अडकले. पावतीवर नुसतं ‘रेकॉर्डिंग चार्जेस’ लिहिलंय, मास्टरचा उल्लेखच नाही. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, तक्रार नोंदवली आहे. तुम्ही पावतीवर ‘वेव्ह, थेट प्रोजेक्टमधून काढलेली’ असं लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता फाईल तपासल्यावरच द्या. शेजारच्या गावचं एक मंडळ त्याच स्टुडिओत ॲडव्हान्स भरणार असल्याचं कळलं, म्हणून घाईनं लिहिलं.