पांढरं पाचचं नाणं आणि माझे साडेनऊ हजार

एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. चामड्याच्या पिशवीतून किती नाणी हाताखालून गेली, त्याला गणती नाही. रात्रीच्या गाडीत दिवा गेला तरी नुसत्या बोटांनी रुपया कुठला आणि दोन रुपये कुठले ते सांगायचो. अशा माणसाच्या गळ्यात एकाने पाच रुपयांचं नाणं साडेनऊ हजारांना मारलं. नाणं सरकारी आहे, खरं आहे. खोटा आहे तो त्याचा रंग. हल्ली निवृत्त झालेली माणसं आणि कॉलेजची पोरं दोघंही ‘एरर कॉइन’च्या, म्हणजे टांकसाळीत चूक होऊन निघालेल्या नाण्यांच्या, नादाला लागलेली दिसतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

नाणी जमवायचा छंद नोकरीतच लागला. सुटे मोजताना वेगळं काही दिसलं की मी त्याच्या जागी माझ्या खिशातले पैसे घालायचो आणि ते नाणं घरी आणायचो. निवृत्तीनंतर प्रदर्शनांना जायला लागलो. तिथंच पुण्यात एका व्यापाऱ्याची ओळख झाली. वय पस्तिशीच्या आसपास, बोलायला अतिशय गोड. “या काका, चहा घ्या आधी,” म्हणूनच सुरुवात. दोन वर्षांत त्याच्याकडून मी चार-पाच नाणी घेतली आणि ती सगळी चोख निघाली. त्यातलं एक दोन रुपयांचं होतं, मागचा छाप फिरलेला. आपलं नाणं पुस्तकाचं पान उलटावं तसं उलटलं की मागची बाजूही सरळ दिसायला हवी. ह्याची चांगलीच तिरकी होती. साचा फिरून बसला की असं होतं. तीनशे रुपयांना दिलं त्याने, आणि ते तेवढ्याचं होतंच. हे मुद्दाम सांगतो, कारण विश्वास असाच बसत जातो. पहिल्या भेटीत कोणी साडेनऊ हजारांना हात घालत नाही.

तिसऱ्या वर्षी त्याने टेबलाखालून डबी काढली. पाच रुपये, साल २०१३, सालाखाली मुंबई टांकसाळीची हिऱ्याची खूण. रुपयाचं चिन्ह, कमळाची नक्षी, सगळं नेहमीचं. फक्त नाणं पिवळं नव्हतं, पांढरंशुभ्र होतं.

त्याने सांगितलेली हकिकत नीट वाचा, कारण ती पोकळ नव्हती. २००७ मध्ये पाचचं नाणं स्टेनलेस स्टीलचं निघालं होतं, वजन ६ ग्रॅम, व्यास २३ मिलिमीटर. २००९ पासून ते निकेल-ब्रासचं, म्हणजे तांबं, जस्त आणि थोडं निकेल असलेल्या पिवळ्या धातूचं झालं. वजन तेच ६ ग्रॅम, व्यासही तोच. हे सगळं खरं आहे. पुढं तो म्हणाला, “काका, जुन्या स्टीलच्या चकत्या टांकसाळीत कुठंतरी पिंपाच्या तळाशी राहिल्या, त्यातली एक नव्या साच्याखाली गेली. राँग प्लँचेट, म्हणजे चुकीची कोरी चकती. असं दुसरं निघायचं नाही.” माझ्या घरी २००७ चं स्टीलचं पाचचं नाणं होतंच. त्यामुळं पटलं. अर्धी माहिती खरी असली की उरलेली अर्धी आपणच खरी मानून टाकतो.

मी वजन करू म्हणालो. तर म्हणे, कॅप्सूल सीलबंद आहे, उघडली की किंमत निम्म्यावर येते, आणि वजन सर्टिफिकेटवर लिहिलेलंच आहे, ६.०१ ग्रॅम. ते सर्टिफिकेट म्हणजे रंगीत छापलेला कागद, त्यावर नाण्याचा फोटो आणि एक सही. सही कोणाची, हे मी विचारलं नाही. चौदा हजारांवरून साडेनऊवर आला आणि मी पैसे मोजून दिले. पावती घेतली, पण वाचली नाही. तिच्यावर लिहिलं होतं: ‘५ रु. व्हाइट कॉइन, नग १’. एवढंच.

ते नाणं मी कपाटात देवाच्या चांदीच्या वाटीशेजारी ठेवलं होतं. पावसाळा गेला. दिवाळीत मंडळी चांदीची भांडी घासायला काढत होत्या, त्यांनी ती डबी उचलली आणि म्हणाल्या, “अहो, हे तर माझ्या पैंजणांसारखं काळवंडलंय.” मी उजेडात नेऊन पाहिलं. कडेनं पिवळट-करडी झाक चढली होती, सिंहाच्या आयाळीच्या खोबणीत काळं उतरलं होतं. माझ्या पोटात गोळा आला. आमच्या घरातल्या स्टीलच्या ताटाला चाळीस वर्षं झाली, ते असं कधी पडलेलं नाही. हवेतल्या गंधकानं काळी पडते ती चांदी.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सराफाकडं गेलो. अण्णांची सत्तरी उलटली आहे, दुकान आता मुलगा बघतो, पण कसोटी अजून तेच लावतात. मी कॅप्सूल फोडली. अण्णांनी काळा दगड पुढ्यात ओढला, नाण्याची कड त्यावर एकदा ओढली. पांढरी रेघ उठली. तीच कड पुन्हा तिथंच जरा दाबून ओढली. ह्या वेळी रेघ पिवळी आली. काळ्याभोर दगडावर दोन रेघा शेजारी शेजारी, एक पांढरी, एक पिवळी. अण्णा काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “मास्तर, गिलिट आहे हो हे. आत पितळ आहे. कितीला घेतलंत?” मला आकडा सांगवेना.

चांदीचा असा पातळ मुलामा चढवायला फार काही लागत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पूर्वी एक्स-रेच्या फिल्म ज्या पाण्यात धूत, त्यात चांदी उतरलेली असते. स्वच्छ पितळ त्यात बुडवलं तरी पांढरं होतं.

आता मी काय करायला हवं होतं ते. पहिलं म्हणजे लोहचुंबक. आपल्या नाण्यांना जे स्टेनलेस स्टील वापरतात ते चुंबकाला चिकटतं. पितळ चिकटत नाही. माझं नाणं स्टीलच्या चकतीवर पडलेलं असतं, तर कॅप्सूलच्या प्लास्टिकमधूनसुद्धा चुंबकानं ते ओढलं असतं. सील फोडायची गरजच नव्हती! ही एक गोष्ट मला अजून रात्री आठवते. फ्रिजच्या दारावरचं दहा रुपयांचं चुंबक खिशात असतं तर माझे साडेनऊ हजार वाचले असते.

वजनाचा भाग जरा खोलात सांगतो, कारण व्यापाऱ्यानं तिथंच मला गुंडाळलं. दुसऱ्या नाण्याची चकती साच्याखाली गेली, तर नाणं त्या चकतीचं वजन आणि माप घेऊन बाहेर येतं. २०१३ साली टांकसाळीत स्टीलच्या चकत्या होत्या त्या मुख्यतः रुपयाच्या आणि दोन रुपयांच्या. रुपयाची ३.७९ ग्रॅम, व्यास २१.९३ मिलिमीटर. ती पाचच्या साच्याखाली सापडली तर नाणं हलकं निघेल, छाप कडेपर्यंत नीट भरणार नाही. दोन रुपयांची २५ मिलिमीटरची, छाप मारताना चकतीभोवती जे कडं असतं, त्या पाचच्या २३ मिलिमीटरच्या कड्यात ती बसणारच नाही. म्हणजे पूर्ण मापाचं, पूर्ण वजनाचं, कडा भरलेलं पांढरं पाच समोर आलं, तर आधी मुलाम्याचाच संशय घ्यायचा. त्याच्या बचावाला एकच वाट होती, २००७ च्या उरलेल्या चकत्या. म्हणून त्याने नेमकी तीच हकिकत रचली. तिथं वजन काटा काही सांगत नाही, सांगतो तो चुंबकच.

आणि भिंग. अण्णांच्या दहापट भिंगातून मी ते नाणं पाऊण तास पाहत बसलो. ‘भारत’ ह्या अक्षरांच्या बाजूला एक ओरखडा होता, गल्ल्यात नाणं नाण्यावर घासून पडतो तसा. तो ओरखडा तळापर्यंत पांढरा होता. म्हणजे नाणं आधी बाजारात फिरलं, ओरखडलं, आणि पांढरा रंग त्यानंतर चढला. हा पुरावा मला कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा पक्का वाटतो. अक्षरांच्या कडाही बोथट होत्या, साय धरल्यासारख्या. शेजारी गल्ल्यातलं साधं पाचचं नाणं ठेवलं की फरक लगेच कळतो.

नाणं घेऊन मी त्याच्याकडं गेलो. आवाज न चढवता बोलला, “काका, मी व्हाइट कॉइन म्हणून दिलं, पावती बघा. व्हाइटच आहे ना?” एरर हा शब्द तोंडानं शंभर वेळा आला होता, कागदावर एकदाही नव्हता. म्हणून हात जोडून सांगतो: पावतीवर धातू, वजन, साल, ‘टांकसाळीतील चूक’ हे शब्द आणि खोटं निघाल्यास पैसे परत हे वाक्य लिहून घ्या. लिहून द्यायला जो कां-कूं करेल, त्याच्यासमोरून उठा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मी तक्रार नोंदवली आहे, पण त्या पावतीमुळं माझी बाजू लंगडी पडते हे मला दिसतं आहे.

मधल्या काळात ‘जुनी नाणी लाखाला घेतो’ असा एक फोनही आला होता. फोन करणारा रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्र पाठवून नोंदणी फी मागत होता. तिथं मात्र मी सावध होतो. रिझर्व्ह बँक असल्या व्यवहारात नाही आणि त्यासाठी कसलीही फी किंवा कमिशन घेत नाही, हे तिने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केलेलं आहे.

रंग बदलायला मुलामाच लागतो असंही नाही. पितळेचा तांब्या चिंचेत जास्त वेळ राहिला की लालसर पडतो, हे घरोघरी माहीत आहे. पाचचं पिवळं नाणं आम्लात राहिलं तर तेही तसंच होतं, आणि मग ते ‘कॉपर एरर’ म्हणून फिरतं. जमिनीत पुरलेलं, जाळात पडलेलं नाणं तर कुठलाही रंग घेतं. टांकसाळीतून रंगाची खरी चूक बाहेर पडतच नाही असं मी म्हणत नाही. पण ती चूक धातूत असते, म्हणून वजनात, मापात किंवा चुंबकाशी तिचं काहीतरी वेगळं लागतंच.

परवा आमच्या वाड्यातला एक पोरगा आला. मोबाइलवर ओळख झालेल्या कोणाकडून त्यानं तांब्यासारखा लाल रुपया मागवला होता. साल २०१५, ‘तांब्याच्या चकतीवर पडलेला’ म्हणून. आज चलनातलं एकही नाणं नुसत्या तांब्याचं नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी काही बोललो नाही. फ्रिजवरचं चुंबक काढून त्याच्या हातात दिलं. रुपया टक्कन जाऊन चिकटला.

“म्हणजे आत स्टीलच आहे, काका?”

“स्टीलच.”

एक हजार आगाऊ दिले होते त्यानं, उरलेले दोन हजार संध्याकाळी पाठवणार होता. ते पाठवले नाहीत. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद लागतो.