उचल 60,000 आणि स्टँप कोरा

मी बीड जिल्ह्यातला ऊसतोड मजूर, बारावी पास. हे आधीच सांगतो, कारण अडाणी माणूसच फसतो असं समजणारे पुष्कळ भेटतात.

2024 च्या श्रावणात आईच्या ऑपरेशनला पैसे पाहिजे होते. शेजारच्या गावचा मुकादम, म्हणजे ऊसतोडीला टोळी नेणारा ठेकेदार, लांबच्या नात्यानं मामा लागतो. तो घरी येऊन 60,000 देऊन गेला. माझी आणि बायकोची मिळून एका कोयत्याची, म्हणजे तोडणाऱ्या जोडीची, उचल. उचल म्हणजे कामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, ते तोडणीतून फेडायचे. धाकट्या भावानं अर्ध्या कोयत्याचे 25,000 घेतले. मामानं स्टँप पेपर पुढं केला. वर नावगाव, खाली सहीची जागा, मधे सगळं कोरं. "मजकूर मागाहून टाईप करतो भाचे, विश्वास नाही का माझ्यावर?" चहाचा कप हातात, आई खाटेवर. सही केली. वर एक कोरा चेकही दिला.

20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं तेव्हा आम्ही कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात होतो. गावातल्या मतदार यादीत आमची नावं होती, माणसं नव्हती.

फसवणूक कुठं होते ते नीट सांगतो, कारण उचल घेताना सगळे रकमेकडं बघतात आणि वजनाकडं कुणी बघत नाही. टनाला 366 रुपये दर. गाडी भरली की कारखान्याच्या काट्यावर जाते, पावती निघते ती मुकादमाकडं. टोळीतल्या कोयत्यांत ते वजन वाटायचं तेही त्यानंच, त्याच्या वहीत. पहाटे चारला उठून मोळ्या बांधणाऱ्याला आपण किती टन तोडले ते समजायला दुसऱ्याची वही बघावी लागते. आमच्या गाडीचा ड्रायव्हर पोरगा बरा होता. पावतीचा फोटो काढू द्यायचा. मी रात्री कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, बसून माझ्या हिश्श्याचे आकडे लिहून ठेवायचो. बायको म्हणायची, झोपा आता, सकाळी कोयता वहीनं चालवणार का?

मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. माझ्या वहीत 238 टन, म्हणजे 87,108 रुपये. त्यातून उचल 60,000 आणि सोळा आठवड्यांची खर्ची (दर आठवड्याला खर्चाला मिळालेले पैसे) 16,000 वजा केली तर 11,108 मलाच येणं होतं. मामाच्या वहीत 171 टन! त्यावर अकरा खाड्यांचे, म्हणजे गैरहजेरीच्या दिवसांचे, दिवसाला हजाराप्रमाणं 11,000 कापले. त्यातले चार दिवस बायकोला ताप होता आणि मी एकटा फडात होतो, तरी खाडा पूर्ण कोयत्याचा. एकूण माझ्याकडंच 24,414 निघाले. मी फोटो दाखवले तर म्हणाला, कारखाना वजनातून पाचट, म्हणजे वाळका पाला, कापतो, तुला काय कळतं त्यातलं.

आणि मग, "तुम्ही दोघं जा, पैसे घेऊन या. पोरगा राहील माझ्याकडं." भावाची स्वतःची उचल तर फिटली होती. मामाच्याच वहीत तसं लिहिलेलं होतं. तरी माझ्या देण्यापायी त्याला मामाच्या मळ्यात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, आणि गोठ्यात शेण काढायला ठेवलं. फोन काढून घेतला. मजुरी शून्य.

तहसीलला गेलो तर म्हणाले, हा देण्याघेण्याचा व्यवहार आहे. ठाण्यात मलाच विचारलं, पैसे घेतले होतेस ना? घेतले होते. मान खाली घालून परत आलो. हीच माझी दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी. या दोन चकरांत आठ दिवस गेले.

मजुरांच्या केसेस बघणाऱ्या एका वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. वेठबिगारी 1976 च्या कायद्यानं बंद आहे, आणि माणूस अडकवून ठेवणारं असलं कर्ज त्या कायद्यानं आपोआप संपतं, फेडायची जबाबदारीच राहत नाही. कर्ज वेठबिगारीचं आहे असं मजूर म्हणाला, तर ते तसं नाही हे सिद्ध करायचं काम देणाऱ्याचं, मजुराचं नाही. अर्ज ठाण्यात नाही, जिल्हाधिकारी किंवा प्रांताकडं (उपविभागीय अधिकाऱ्याकडं) द्यायचा. त्यात 'पैशाचा वाद' हा शब्दही लिहू नका असं त्यांनी बजावलं. "भावाला अडकवून बिनपगारी राबवून घेतात" एवढंच सरळ लिहा, खाली माणूस कुठल्या गावात, कुणाच्या मळ्यात आहे ते लिहा आणि पोच घ्या. वहीची आणि फोटोंची झेरॉक्स जोडली. पोचेवरचा शिक्का बघून मी दोनदा वाचला.

एकोणिसाव्या दिवशी भाऊ घरी आला. अंगावर तोच शर्ट, फडातला. वेठबिगारीतून मुक्तीचा दाखला मात्र अजून मिळाला नाही. तो मिळाला की पुनर्वसनाचे पैसे मिळतात, म्हणून मी चकरा मारतोय.

यंदा उचल घेणार असाल तर स्टँपवर आकडा, दर आणि खाड्याची रक्कम लिहिल्याशिवाय सही करू नका, मामा असो की सख्खा चुलता. स्टँपचा फोटो तिथंच काढा. तो काढू देत नसेल तर पैसे हातात घेऊच नका. काट्याची पावती रोजच्या रोज बघा, महिन्यानं नाही. सोबत तरुण भाऊ किंवा पोरगा असेल तर त्याचा हिशेब वेगळ्या कागदावर, त्याच्याच सहीनं ठेवा.

परवा मामाचा निरोप आला. स्टँपवर त्यानं दीड लाख टाईप करून घेतलेत म्हणे. खाली सही माझीच आहे.