कर्जाच्या अ‍ॅपला चोवीस तास लोकेशन कशाला हवं?

माझ्या धाकट्या मेहुण्याला गाडीच्या कामासाठी ५,००० रुपयांची नड होती. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून त्यानं कर्जाचं अ‍ॅप घेतलं. प्ले स्टोअरवरून नव्हे, थेट एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवायची फाइल. कर्ज ५,००० चं मंजूर, हातात आले ३,२००. बाकीची म्हणे प्रोसेसिंग फी. फेड मात्र सात दिवसांत आणि पुरत्या ५,००० ची.

आधीच कापून घ्यायची ही रीत सावकारांचीच. नवं होतं ते लोकेशन. अ‍ॅपनं आधी 'वापरात असताना' एवढीच परवानगी मागितली. ती मिळाल्यावर 'पडताळणी अपूर्ण' म्हणून त्याला सेटिंग्जमध्ये पाठवलं, कुठं दाबायचं तेही चित्रांसकट दाखवलं. कारण अँड्रॉइड ११ पासून चोवीस तासांचं लोकेशन परवानगी विचारणाऱ्या छोट्या चौकटीत देताच येत नाही, आपल्यालाच सेटिंग्जमध्ये जाऊन द्यावं लागतं. कर्जाचं अ‍ॅप तुम्हाला तिथवर बोट धरून नेत असेल, तर तिथूनच मागं फिरा.

मुदत संपायच्या आधीच मेसेज आला, "द्वारका सर्कलला काय करतोस? पैसे भर." आणि नाशिकमध्ये तो खरंच तिथं उभा होता! आता माणसं घरी येणार या धसक्यानं पोरानं त्याच अ‍ॅपवरून दुसरं कर्ज काढून पहिलं फेडलं. दारात कुणीच आलं नाही. पण कॉन्टॅक्टही त्यांच्या हाती होतेच, त्यामुळे आत्यापासून गॅरेजवाल्यापर्यंत सगळ्यांना 'हा चोर आहे' असे मेसेज गेले.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांनुसार कर्जाच्या अ‍ॅपनं कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही. लोकेशन घ्यायचं तर केवायसीपुरतं, एकदाच, तुमच्या संमतीनं. गूगलनंही २०२३ पासून प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅपना अचूक लोकेशन घ्यायला बंदी केली आहे. मग असली अ‍ॅप लिंकवरूनच फिरणार, दुसरं काय!

अ‍ॅप उडवण्याआधी धमक्यांचे स्क्रीनशॉट आणि यूपीआय व्यवहार क्रमांक जपून ठेवले, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. एकदा गेलेले नंबर काही परत येत नाहीत, म्हणून मेहुण्यानं स्वतःच सगळ्यांना कळवलं, "माझ्या नावानं काही आलं तर ब्लॉक करा." आत्यानं ब्लॉक केलं नाही. पुढचा फोन उचलून तिनं त्या माणसाला असा झापला की त्या नंबरावरून परत फोन नाही.